डाव्या दाढेची झीज

१

देवाने माणसाला दात दोनदा दिले आणि तिसऱ्या खेपेचे काम माणसावर सोपवले, असे पंजाबराव म्हणत. आणि ते काम आपल्या वाट्याला आले याचे त्यांना मनोमन समाधान होते. वाशीमला तळ्याकडे उतरणाऱ्या आळीत त्यांचे घर होते. पुढच्या खोलीत इतरांकडे बैठक असते, तिथे पंजाबरावांकडे लांबलचक बाक होता. त्यावर प्लास्टरच्या जबड्यांची ओळ, स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पत्र्या आणि कोरण्या. गावातले दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवीत आणि पंजाबराव त्यावर कवळी घडवून देत. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कितीतरी म्हातारी तोंडे त्यांच्या हातच्या दातांनी भाकर खात होती.

दाताविषयी बोलू लागले की त्यांची वाणी देवळातल्या निरूपणासारखी रंगे. "दाताले पाच तोंडं असतात," ते समोर बसलेल्याला सांगत. एक गालाकडचे, एक जिभेकडचे; दोन तोंडे दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना टेकलेली, त्यांतले एक जबड्याच्या मध्याकडे पाहणारे आणि दुसरे घशाकडे; पाचवे चावण्याचे. पुढच्या पटाशीच्या दातांना हे पाचवे तोंड नसते, तिथे नुसती धार असते. सुळ्याला एक टोक, उपदाढेला बहुधा दोन, आणि दाढ म्हणजे चारपाच शिखरांचे देऊळच. शिखरांमधल्या खाचांतून घासाचा रस वाहतो, जसे देवळाच्या पन्हळीतून अभिषेकाचे पाणी वाहावे. हिरडीपाशी दात निमुळता होतो, ती त्याची मान. या मानेपासून वर सारे दिसते, खालचे मूळ दिसत नाही. "अन् धरून तर मूळच ठेवते," असे म्हणून ते क्षणभर डोळे मिटत.

"व्हय व्हय," आतून त्यांची पत्नी लिलाबाई म्हणे, "दाताले पाच तोंडं, अन् माह्या एका तोंडात एकबी दात नाही! साऱ्या तालुक्याले दात वाटले या माणसानं."

तिचे दात पडले तेव्हा पंजाबरावांनी तिच्यासाठी मुंबईहून येणारे तयार दात वापरले नाहीत. एकेक दात त्यांनी मेणात कोरला, मग साच्यात ओतला. तिची डावी बाजू चावताना कानापाशी कटकन वाजे, म्हणून ती आयुष्यभर उजवीकडेच चावत आलेली. आणि तेही उखळात मुसळ पडावे तसे सरळ वरखाली. हे सारे ध्यानात धरून त्यांनी दाढांची शिखरे घडवली होती. ती कवळी घालून लिलाबाईने पहिल्यांदा भाजलेले शेंगदाणे खाल्ले, तेव्हा पंजाबराव मूर्तीत प्राण आल्यासारखे पाहत राहिले होते.

दुष्काळ सरून गेल्यानंतरच्या वर्षी, श्रावणात, लिलाबाईला ताप आला. भाद्रपद लागता लागता ताप उतरला, पण ती उठली नाही. अंग वाळले, त्याबरोबर हिरड्याही वाळल्या. कवळी तोंडात बसेना. ती मधल्या खोलीच्या कोनाड्यात, चिनी मातीच्या वाडग्यात, पाण्यात ठेवलेली असे. रोज सकाळी देवांची आंघोळ झाली, गंधफूल झाले, की पंजाबराव वाडग्यातले पाणी बदलीत आणि कवळी हळुवार ब्रशने पुसून पुन्हा ठेवीत. ती वापरात नव्हती, तरी हा नेम त्यांनी सोडला नव्हता. जणू ती स्वच्छ राहिली की तिची धनीण बरी होईल.

अशाच एका सकाळी त्यांचा अंगठा खालच्या डाव्या दाढेवरून फिरला आणि थांबला.

गालाकडची शिखरे बोथट झाली होती. उजेडाकडे धरून पाहिले, तर त्यांच्या उतारावर चकचकीत डाग होते. दोन दाढा एकमेकींवर घासत राहिल्या की पडतात तसे. आणि दोन शिखरांमधल्या खाचेत शेंगदाण्याचे लाल साल अडकले होते, अगदी एवढेसे.

२

पंजाबराव श्रद्धाळू होते, पण भोळे नव्हते. कारागिराची श्रद्धा हातात असते आणि संशय डोळ्यांत. त्यांनी आधी स्वतःवरच संशय घेतला. आपण पुसताना जोर लावतो काय? पण ब्रशाने शिखरे झिजत नाहीत. उंदीर असेल काय? उंदीर कडा कुरतडतो, शेजारी शेजारी ओरखडे पाडतो. दाढेच्या माथ्यावर असा गुळगुळीत डाग पाडत नाही. लिलाबाईने घातली असेल? ती कुशीवर वळायलाही हात मागत होती. आणि हे डाग डावीकडे होते.

मग घरात तिसरे माणूस राहिले ते दुर्गाबाई, लिलाबाईची धाकटी बहीण. बहिणीच्या शुश्रूषेसाठी ती इंझोरीहून येऊन राहिली होती. अंगाने दणकट, जिभेने त्याहून. पंजाबरावांनी बराच वेळ शब्द जुळवले आणि शेवटी चुलीपाशी जाऊन उभे राहिले.

"दुर्गाबाई, त्या वाडग्यातली कवळी... तुमी कधी काढता काय बाहेर?"

"मी कायले काढू?"

"नाही, सहज. एखाद्यावेळी गंमत म्हणून..."

दुर्गाबाईने फुंकणी खाली ठेवली आणि आ वासला. "पाहा, भाऊजी! बत्तीसच्या बत्तीस हायेत. दिवा आणू काय? या दातानं अजून ऊस सोलतो मी. दुसऱ्याचे दात तोंडात घालाची गंमत करते काय कोणी?"

"तसं नाही म्हटलं मी."

"मंग कसं म्हटलं? बाई, आयकलं काय वं?" ती मधल्या खोलीकडे तोंड करून ओरडली. "तुह्या नवऱ्यानं माह्यावर दातचोरीचा आळ घेतला!"

आतून लिलाबाईचे बारीक हसू ऐकू आले. बऱ्याच दिवसांनी ती हसली होती. पंजाबराव ओशाळले, पण त्या हसण्याने त्यांना इतके बरे वाटले की साल, डाग, सारे काही ते दुपारपर्यंत विसरून गेले.

दुपारी लिलाबाईला तपासायला डॉक्टर आले. नाडी पाहिली, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. "रक्त भरतंय," ते म्हणाले. "मागच्या वेळेपेक्षा खूपच बरं आहे. खायला काय देता?"

"काय देता म्हंजे?" दुर्गाबाई म्हणाली. "पेज देली तं थुंकून देते, वरणाचं पाणी देलं तं तोंड फिरवते. म्हणते, पोट भरलं. मी म्हणतो, कायनं भरलं वं? तं झोपून जाते."

"मग हवेवर बाळसं धरलंय म्हणायचं!" डॉक्टर हसले आणि पिशवी उचलून निघाले.

पंजाबरावही हसले. तेव्हा त्यांच्या डोक्यात दाढ होती, म्हणून 'बाळसं' हा शब्द त्यांच्या कानावरून नुसता गेला.

३

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या धंद्यातली युक्ती केली. नवी कवळी कुठे टेकते, कुठे उचलते हे पाहायला ते चावण्याच्या बाजूवर मेणाचा पातळ थर देत. गिऱ्हाइकाने तोंड मिटून हालवले की समोरच्या दातांच्या खुणा मेणात उमटत. तसा थर त्यांनी लिलाबाईच्या खालच्या दाढांवर दिला. थंड करून कवळी वाडग्यात ठेवली, वर पाणी ओतले, वाडग्यावर पितळी झाकण ठेवले आणि पुढच्या खोलीत कामाला बसले.

दुपारचे जेवण झाले. दुर्गाबाई मागच्या अंगणात भांडी घेऊन बसली. आळीत सामसूम झाली. भाद्रपदातल्या दुपारी ऊन असे पांढरे पडते की घराच्या आतला अंधारही दाटतो. पुढच्या खोलीतून मधल्या खोलीचे दार नुसत्या काळ्या चौकटीसारखे दिसत होते. पंजाबराव एका सुळ्याचे टोक कोरत होते. ओठांवर नाम होते. श्वासागणिक नाम आणि नामागणिक कोरणी, असा त्यांचा क्रम होता. तो आपोआप चाले.

मग त्यांच्या लक्षात आले की नामाच्या खाली आणखी एक लय चालू आहे.

बारीक, ओलसर, संथ. आत कोणीतरी काहीतरी चावत होते.

लिलाबाई झोपेत तोंड हालवत असेल, असे त्यांनी स्वतःला सांगितले. पण बोळक्या तोंडाला असा आवाज नसतो. हा दातावर दात टेकल्याचा आवाज होता, आणि त्यांच्या कानाला तो ओळखीचा होता. चाळीसएक वर्षे त्यांनी दुसरे काय ऐकले होते? आवाज थांबला. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला. मधल्या शांततेत घोट गिळल्यासारखे काही ऐकू आले की काय, हे त्यांना नक्की सांगता आले नसते.

ते उठले तेव्हा कोरणी बाकावरून घरंगळली. तिच्या आवाजासरशी आत सारे शांत झाले.

मधल्या खोलीत लिलाबाई पाठीवर, डोळे मिटून निजली होती. तिच्या अंगावर जुनी गोधडी होती. कोनाड्यात वाडगा जागच्या जागी, त्यावर झाकण. पंजाबरावांनी झाकण उचलले. पाणी रांजणातले होते. बोट बुडवले तर गार. त्यांनी कवळी बाहेर काढली.

ती कोमट होती.

माणसाच्या तोंडातून नुकतीच काढलेली कवळी जशी हाताला लागते तशी. गिऱ्हाईक समोर बसून काढून देते, तेव्हा तळहाताला जी ऊब कळते, नेमकी तीच. पंजाबराव ती हातात धरून उभे राहिले. तिची ऊब हळूहळू उतरत गेली, आणि ती पूर्ण निवेपर्यंत त्यांना खाली ठेवण्याचा धीर झाला नाही.

४

मेणातल्या खुणा त्यांनी दारातल्या उजेडात वाचल्या.

उजवीकडचे मेण जसेच्या तसे होते. डावीकडचे दाबले गेले होते, पण सरळ नव्हे. शिखरांचे ठसे आडवे ओढलेले होते, गालाकडून जिभेकडे, वळत वळत, जात्याची पाळी फिरावी तसे. मुसळासारखे चावणारे तोंड ते नव्हते.

मग त्यांची नजर वरच्या कवळीच्या पुढच्या दातांवर गेली. मधल्या दोन मोठ्या दातांपैकी डावीकडच्याची धार त्यांनी स्वतः सरळ घासली होती. त्या धारेत आता एक बारीक खाच होती. नखाचे टोक बसेल एवढी.

पंजाबराव ओट्यावर बसले. अशी खाच कशाने पडते हे त्यांना ठाऊक होते. शिवणकाम करणाऱ्या बायका धागा दाताने तोडतात. वर्षानुवर्षे एकाच जागी तोडतात, आणि धागा दातात आपली वाट करतो. लिलाबाईने जन्मात कधी सुई धरली नव्हती. फाटके लुगडे घेऊन ती सासूकडे जाई आणि म्हणे, "आत्याबाई, हे तुमीच पाहा." आणि सासू, पंजाबरावांची आई वच्छलाबाई, खोटे खोटे रागावून म्हणे, "आण इकडं, आळशे!" आळीतल्या निम्म्या घरांत वच्छलाबाईने शिवलेल्या गोधड्या होत्या. ती मरेपर्यंत तिचे दात शाबूत होते. डावीकडे चावायची, जेवताना तिचा जबडा जात्यासारखा फिरे. पंजाबराव तिसऱ्या दिवशी स्मशानात राखेतून अस्थी वेचत होते, तेव्हा एक दात हाती आला होता. एरवी तो कोणाचाही असू शकला असता. पण त्याच्या धारेत ती खाच होती. तो त्यांनी सगळ्यांत शेवटी पाण्यात सोडला होता.

त्याला पुष्कळ वर्षे लोटली होती.

"हे नसेल," ते स्वतःशी बोलले. "झिजेवरून माणूस ओळखणं हे काही शास्त्र नोहे. दोन माणसं सारखी चावू शकतात."

आतून दुर्गाबाई आली आणि म्हणाली, "भाऊजी, तुमाले शिवता येते हे ठाऊक नव्हतं बा मले."

"काय?"

"बाईच्या अंगावरची गोधडी. कोपऱ्याले फाटली व्हती, मी उद्या-उद्या करून राह्यली व्हती. तुमी तं अशी बारीक टीप घातली की मशीनलेबी जमणार नाही."

पंजाबरावांनी कवळी धोतराच्या सोग्यात झाकून घेतली, ती दुर्गाबाईच्या दृष्टीस पडू नये म्हणून.

५

त्या संध्याकाळी देवापुढे बसून त्यांनी विचार केला, आणि विचार करता करता त्यांना आपली चूक सापडली. म्हणजे तसे त्यांना वाटले. पितृपक्ष लागला होता आणि आईची तिथी येऊन निघून गेली होती. लिलाबाईच्या आजारपणात पान वाढायचे राहून गेले होते. माय उपाशी आली, दारातून परत गेली नाही. घरात शिरली आणि हाताला लागले ते दात घेऊन मिळेल ते खाऊ लागली. आजारी सुनेचे दात! लिलाबाईला पेज जात नाही ती यामुळेच. दोन तोंडांनी एक कवळी कशी वापरावी? पेजेला दात लागत नाहीत हे त्यांना कळत होते. पण भय बसले की माणसाचे तर्क भयाच्या मागे मागे चालतात.

त्यांच्या मनात आईविषयी राग नव्हता. भूक लागली तर कोण दोष देईल? पण लिलाबाई जिवंत होती, आणि ती जिवंत राहायला हवी होती. त्यांच्यापाशी तिच्याखेरीज कोण होते?

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुर्गाबाईला सगळा स्वयंपाक सांगितला. वडे, कढी, भात, गव्हाची खीर, भोपळ्याची भाजी. हात जोडून गच्चीवर पान वाढले. आणि काय आश्चर्य, पान ठेवून ते दोन पावले मागे सरकतात न सरकतात तोच कावळा उतरला आणि वडा उचलून गेला.

"शिवला!" दुर्गाबाईने टाळी वाजवली. "तुमची माय पावली, भाऊजी. कायचीच इच्छा राह्यली नाही म्हातारीची."

पंजाबरावांच्या डोळ्यांना पाणी आले. त्यांनी वर पाहून नमस्कार केला, खाली आले, आणि कवळी वाडग्यातून काढून, धुऊन, कोरड्या फडक्यात गुंडाळली. वर तुळशीचे पान ठेवले. मग ती देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवून त्यांनी कुलूप लावले.

दुपारी ते बाकाशी बसले. नामाखाली दुसरी लय नव्हती. घर शांत होते. अशी शांतता आपण किती दिवस मागत होतो, असे त्यांनी मनाशी म्हटले. आणि कोण जाणे का, त्या शांततेत त्यांना गुदमरल्यासारखे झाले.

६

कावळा शिवल्यापासून लिलाबाई खचू लागली.

पहिल्यांदा तिच्या गालांवर नुकती आलेली टवटवी गेली. मग डोळे खोल गेले. दुर्गाबाई चमच्याने पेज घाली, ती ओठांच्या कडेने ओघळे. दूध दिले, उलटले. डॉक्टर आले, या वेळी ते हसले नाहीत. "मध्येच असं काय झालं? चांगल्या सुधारत होत्या," ते म्हणाले. "काहीही करा, पण पोटात अन्न जाऊ द्या. नाहीतर अकोल्याला हलवावं लागेल, आणि प्रवास झेपेल असं मला वाटत नाही."

दुर्गाबाई त्या दिवशी कोणाला टोमणा मारू शकली नाही. ती चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसली.

पंजाबराव लिलाबाईच्या उशाशी गेले. तिचा हात हातात घेतला. हात कसला, वाळलेली काडी.

"लिला," ते म्हणाले. नावाने ते तिला क्वचितच हाक मारीत. "एक घास घे वं. माह्यासाठी घे."

तिने डोळे उघडले. त्यांच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात तक्रार होती, लहान मुलाने करावी तशी.

"आत्याबाईचे दात काहून लपोले तुमी?"

पंजाबरावांच्या हातातून तिचा हात सुटला नाही, एवढेच.

"कायचे दात?"

"आता त्या चावतीन कायनं?" ती थांबत थांबत बोलली. "दोन दिवसांपासून नुसत्याच बसून राह्यल्या इथं. भाकर हातात घेतात अन् मंग ठेवून देतात. मले लय भूक लागली, अहो."

"आई... इथं बसते?"

"त्याच तं चारतात मले. मले कुठं चावता येते? त्या चावतात, मऊ करतात, अन् माह्या तोंडात देतात. लहान्या लेकराले देतात तसा." तिने डोळे मिटले. "मले वाटलं, तुमाले ठाऊक हाये. तुमीच तं दात ठेवता वाडग्यात, रोज सकाळी. धुऊन."

मधल्या खोलीत त्या दोघांखेरीज कोणी नव्हते. लिलाबाईच्या खाटेपलीकडे भिंतीशी दुमडलेल्या गोधड्यांची चळत होती आणि तिच्या शेजारी थोडी मोकळी जमीन, एक माणूस मांडी घालून बसेल एवढी. पंजाबरावांनी तिकडे पाहिले नाही. आयुष्यभर त्यांनी देवाकडे दर्शन मागितले होते. त्या क्षणी त्यांनी न दिसण्याचे दान मागितले.

आपल्या घरातली माय कधी स्वतःसाठी ताटावर बसली होती? साऱ्यांची पाने उठल्यावर तवा निवायला ठेवून उभ्या उभ्या चतकोर खाणारी ती बाई, मेल्यावर भुकेने घर धुंडाळील, हे आपल्या मनात आले तरी कसे? वडा कावळ्याने नेला. कावळा उपाशी असेल, म्हणून नेला.

ते उठले. देवघराच्या कप्प्याचे कुलूप काढताना किल्ली दोनदा खाली पडली. कवळी फडक्यातून काढली, वाडग्यात ताजे पाणी भरले, कोनाड्यात ठेवली. मग ते चुलीपाशी गेले.

"दुर्गाबाई, भाकर टाका. कडक. अन् मूठभर शेंगदाणे भाजा."

"कोणाले?"

"लिलाले."

"भाऊजी, तुमचं डोकं ठिकाणावर हाये ना? तिले पेज जाईना, अन् भाकर?"

"टाका तुमी," पंजाबराव म्हणाले. त्यांच्या आवाजात असे काही होते की दुर्गाबाईने पुढे विचारले नाही. तिने मुकाट्याने पिठात पाणी घातले.

ताट त्यांनी स्वतः नेले. ते लिलाबाईच्या हाताशी ठेवले नाही. खाटेपलीकडे, गोधड्यांच्या चळतीशेजारच्या मोकळ्या जमिनीवर ठेवले, खाली पाहत, पाटावर बसलेल्या माणसापुढे ठेवावे तसे. मग पाठ न दाखवता मागे सरले आणि दार ओढून घेतले.

संध्याकाळी ताट रिकामे होते. लिलाबाई गाढ झोपली होती, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्याला भाकरीचा ओला कण होता.

७

आठवड्याने ती उशीला टेकून बसली. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली आणि नुसतेच "छान" म्हटले. दुर्गाबाईची जीभ पुन्हा मोकळी झाली. "भाऊजीनं भाकरीवर माणूस उभं केलं," ती आळीत सांगू लागली, आणि लिलाबाईला म्हणे, "बिनदाताची असून माह्यापेक्षा जास्त खाते वं तू. रोजच्या दोन भाकरी!" लिलाबाई हसे आणि नवऱ्याकडे पाही. पंजाबराव खाली पाहत.

रोज सकाळी देवांनंतर ते कवळी पुसत. डावीकडची शिखरे आता जवळजवळ सपाट झाली होती. त्यांनी ठरवले, नवीन दाढा कोरायच्या. या वेळी डावीकडच्या, रुंद माथ्याच्या, जात्याच्या चालीला सोसतील अशा. मेण घेऊन बसलेही. आईचा जबडा आठवत कोरताना त्यांचा हात कधी नव्हे इतका हलका चालला.

आणि तरीही दुपार झाली की त्यांच्या पाठीवर काटा येई. प्रेम वेगळे आणि भय वेगळे, असे आपण समजतो. पण गाभाऱ्याच्या अंधारात पाय टाकताना दोन्ही एकाच छातीत धडधडतात. ताट ठेवून ते दार ओढून घेत आणि पुढच्या खोलीत येऊन नाम घेत. आत पाहायचे नाही, हा त्यांनी स्वतःला घातलेला नेम होता.

तो त्यांनी एका दुपारी मोडला. कारण काहीच नव्हते. दुर्गाबाई देवळात पोथी ऐकायला गेली होती. आतून तो आवाज येत होता, संथ, ओलसर, फिरता. आणि ऐकता ऐकता पंजाबरावांना आपल्याला किती वर्षे आई नाही हे आठवले. ते उठले. दाराच्या मधल्या फटीशी उभे राहिले.

फटीतून फार दिसत नव्हते. खाटेचा पाय, गोधडीचा काठ, लिलाबाईचा चेहरा. तिचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा शांत. पलीकडची बाजू दाराच्या फळीआड होती. तिथून तो आवाज येत होता. मग आवाज थांबला. फळीआडून एक हात पुढे आला. सुरकुतलेला, सावळा, मनगटावर हिरवे गोंदण. तीन बोटांत एक पांढुरका, ओला घास होता. लिलाबाईने डोळे न उघडता तोंड उघडले, पाखराच्या पिलासारखे. घास आत गेला. एका बोटाने तिच्या ओठाची कड पुसली. हात मागे गेला.

पुन्हा चावणे. पुन्हा हात. पंजाबरावांच्या गालांवरून पाणी वाहत होते आणि त्यांना ते पुसावेसे वाटत नव्हते.

काही घासांनंतर लिलाबाईने ओठ मिटले, मान पलीकडे वळवली आणि तृप्त माणसासारखा दीर्घ श्वास सोडला. तिचे पोट भरले होते. पंजाबराव फटीपासून दूर होण्यासाठी वळणार होते.

पण आतले चावणे थांबले नाही.

ते चालूच होते, आता अधिक सावकाश, अधिक बारीक, शेंगदाणा अगदी लोणी व्हावा असे. लिलाबाई झोपी गेली होती. मग हा घास कोणासाठी मऊ होत होता? पंजाबरावांनी पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला; पाय हालला नाही. फळीआड कपड्यांची सळसळ झाली, गुडघ्यावर हात टेकून म्हातारे माणूस उठते तशी. चावण्याचा आवाज दाराकडे, जवळ, आणखी जवळ येत गेला, आणि फटीच्या पलीकडे येऊन थांबला.

तेव्हा पंजाबरावांना कळले की आपले तोंड केव्हाचे उघडे आहे.